शेवटच्या मुक्कामापर्यंत जुनीच गाडी

लढाईच्या इतिहासात रणगाडे, विमाने आणि सेनापती यांची नावे पानोपानी भेटतात. माल वाहणाऱ्या गाडीला तिथे एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. आम्ही पडलो कापडाचे व्यापारी, त्यामुळे आमची नजर आधी त्या गाडीवरच जाते. लाखो माणसे हजार हजार मैल पुढे गेली, तर त्यांचे पीठ, काडतुसे, बूट आणि कांबळी कोणी वाहिली? आणि कशातून वाहिली?

उत्तर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. दुसरे महायुद्ध युरोपात संपत आले त्या वेळी, १ मे १९४५ रोजी, सोव्हिएत सैन्याकडे साधारण साडेसहा लाखांच्या वर मोटारगाड्या होत्या. त्यांतल्या सुमारे ३३ टक्के परदेशी मदतीतून आलेल्या, म्हणजे बहुतेक अमेरिकन. ९ टक्के शत्रूकडून हिसकावलेल्या. उरलेल्या ५८ टक्के देशी. आणि या देशी गाड्यांत मोठा भरणा होता तो १९३२ आणि १९३३ साली बाजारात आलेल्या दोन ट्रकांचा. लढाईच्या चार वर्षांत विमाने बदलली, तोफा बदलल्या, पण बर्लिनच्या वेशीपर्यंत पिठाची पोती घेऊन गेली ती बरीचशी ही म्हातारी गाडीच.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील आमच्या कारखानदार बंधूंना गेली पंचवीस-तीस वर्षे एकच सल्ला मिळत आला आहे : जुने साचे भंगारात घाला, कर्ज काढा, नवे बसवा. १९९९ साली केंद्र सरकारची तंत्रज्ञान सुधारणेची योजना आली तेव्हापासून तर हा सल्ला सरकारी कागदावरच आला. सल्ला वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जुने यंत्र केव्हा ठेवावे, केव्हा सोडावे आणि ठेवले तर कसे ठेवावे, याचा खरा हिशेब ज्यांनी जीव पणाला लावून केला त्यांच्याकडून तो समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या रशियन दीडटनी गाडीविषयी. तिचे कारखान्यातले नाव गाझ-एए. तिथले लोक तिला 'पलुतोर्का' म्हणत, म्हणजे सरळ आपल्या भाषेत 'दीडवाली'. मूळ गाडी अमेरिकेच्या फोर्ड कंपनीची. १९२९ साली सोव्हिएत सरकारने फोर्डशी करार केला, वोल्गा नदीकाठी निझ्नी नोवगोरोद येथे कारखाना उभारला आणि १९३२ च्या आरंभी गाडी बाहेर पडू लागली. इंजिन ४० अश्वशक्तीचे, पुढे १९३८ पासून ५० चे. सांगण्यासारखे तिच्यात काहीच नव्हते. पण हलक्या प्रतीचे पेट्रोल तिला चाले, हँडल मारून ती सुरू होई, आणि खेड्यातला साधा मेस्त्री रस्त्याच्या कडेला तिचे पोट उघडून पुन्हा मिटू शकत असे.

या गाडीने काय केले ते पाहावयाचे तर लेनिनग्राडकडे पाहावे. १९४१ च्या सप्टेंबरात शहराला वेढा पडला. २० नोव्हेंबरपासून कचेरीतले नोकर, घरातली माणसे आणि मुले यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळू लागला, आणि त्या पावातही निव्वळ पीठ नव्हते. पूर्वेला लादोगा नावाचे मोठे सरोवर. थंडीने ते गोठू लागले, तशा आधी घोड्यांच्या घसरगाड्या बर्फावर घातल्या. मग २२ नोव्हेंबर १९४१ रोजी साठेक दीडवाल्या गाड्यांचा पहिला तांडा गेला. बर्फ अजून पातळ होता, म्हणून गाडीत पूर्ण माल भरता येईना; काही गाड्यांच्या मागे घसरगाडी बांधून वजन विभागले. चालक दार उघडे ठेवून हाकत, कारण बर्फ फुटला तर उडी मारायला तेवढीच संधी. अनेक गाड्या बुडाल्या, त्यांच्याबरोबर माणसेही गेली. तरी २४ एप्रिल १९४२ पर्यंत, बर्फ वितळेपावेतो, या रस्त्याने साडेतीन लाख टनांहून अधिक माल आत गेला आणि पाच लाखांवर माणसे बाहेर निघाली.

नवी, वजनदार, दणकट गाडी त्या पातळ बर्फावर पहिल्या दिवशी उपयोगी पडली नसती. हलकी होती म्हणून जुनी चालली. यंत्राची किंमत कामावरून ठरते, त्याच्या जन्मसालावरून नाही, हे आमच्या धंद्यातले जुने माणूस न शिकवता जाणते. साधे धोतर, साडीचे अस्तर, गाद्यांचे कापड यांना आजही साध्या साच्याचा माल चालतो, आणि तिथे ताशी वेग दुप्पट करून उपयोग नसतो. गिऱ्हाईक भाव दुप्पट देणार नसते.

आता दुसरी बाजू. लढाई सुरू झाल्यावर पत्रा कमी पडला, कारण पत्रा रणगाड्यांना हवा. तेव्हा कारखान्याने दीडवाल्या गाडीचे अंग उतरवायला सुरुवात केली. गोल वळणाचे मडगार्ड गेले, त्यांच्या जागी सपाट पत्रा कोनात वाकवून लावला. दारे गेली, त्यांच्या जागी कॅनव्हासचे पडदे आले. (आम्हांस त्या कॅनव्हासचा पन्हा आणि वजन काय होते हे जाणून घ्यायला आवडले असते, पण असल्या गोष्टी इतिहासकार लिहीत नाहीत.) दोन दिव्यांपैकी एकच राहिला, चालकाच्या बाजूचा. पुढचा बंपर गेला. आणि पुढच्या चाकांचे ब्रेक गेले. मॉस्कोच्या तीनटनी झिस-५ गाडीचेही तेच झाले : केबिन लाकडी फळ्यांची, एक दिवा, ब्रेक फक्त मागे.

या काटकसरीचे कौतुक करणारे पुष्कळ लेख निघतात. आम्ही मात्र दोन भाग करतो. वळणदार मडगार्ड काढले, उत्तम केले. ती शोभा होती. दिवा एक ठेवला, तोही एक वेळ समजू. पण पुढचे ब्रेक काढले त्याची किंमत कारखान्याने दिली नाही, चालकाने दिली. उतारावर, बर्फावर, भरल्या गाडीनिशी. त्या सरकारला शत्रू दारात होता म्हणून तो सौदा करावा लागला. आपल्या गल्लीतल्या कारखान्यात शत्रू नाही. तरीही पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली, वायरिंग उघडे, बोटे गमावलेला कारागीर दुसऱ्या खात्यात लावलेला, हे आपण पाहतोच. जुने यंत्र चालवण्याला आमचा पाठिंबा आहे. ब्रेक काढलेले यंत्र चालवण्याला नाही. या दोन गोष्टी एकच समजणारे मालक आपल्यात आहेत, आणि जुन्या यंत्राची बदनामी होते ती बरीचशी त्यांच्यामुळे.

झिस-५ विषयी थोडे. १९३३ पासूनची ही गाडी, ७३ अश्वशक्तीची. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन फौज मॉस्कोजवळ आली तेव्हा कारखान्याची यंत्रे उखडून आगगाडीत घालून पूर्वेकडे पाठवली. त्याच गाडीचे उत्पादन मग उल्यानोव्स्कला सुरू झाले आणि १९४४ मध्ये उरल पर्वतातील मियास गावी. तीन गावी बनलेली गाडी, पण पुर्जा एकच. मॉस्कोची गाडी मोडली तर उल्यानोव्स्कच्या मोडक्या गाडीचा भाग तिला बसे. दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत गाडी उभी राहत असे. लढाईनंतरही मियासला ही गाडी कित्येक वर्षे बनत राहिली.

मग अमेरिकन गाड्या आल्या. मदतीत सोव्हिएत संघाला जीप व ट्रक मिळून चार लाखांच्या आसपास मिळाले, त्यांत स्टुडबेकर कंपनीचा सहा चाकांवर जोर असलेला ट्रक सर्वांना आवडता. त्यांचा एक मोठा ओघ इराणमार्गे गेला, आणि त्या वाटेशी आपलाही संबंध आहे. अविभक्त हिंदुस्थानातून क्वेट्टा-झाहिदान रेल्वेने माल जाई आणि पुढे मोटारीने मशहदकडे. इराणात हिंदी फौजेच्या पुरवठा खात्याचे चालकही राबले.

या नव्या गाड्यांचे रशियनांनी काय केले, इथे व्यापाऱ्याने कान टवकारावेत. त्यांनी जुन्या गाड्या मोडीत काढल्या नाहीत. नव्या स्टुडबेकरला तोफ ओढायला लावले, अग्निबाणांचे सांगाडे तिच्यावर चढवले, चिखलात आणि रस्ता नसलेल्या मुलखात तिला पुढे घातले. कात्युशा अग्निबाण पहिल्यांदा १४ जुलै १९४१ रोजी ओर्शा येथे सुटले ते देशी झिस-६ वरून. पुढे त्यांचा मुख्य आधार स्टुडबेकर झाला. दीडवाली आणि तीनटनी मात्र मागच्या रस्त्यावर राहिल्या : स्टेशनापासून कोठारापर्यंत, कोठारापासून तुकडीच्या चुलीपर्यंत, जखमींना घेऊन परत. जे काम नव्यालाच जमते तेवढेच नव्याला दिले. चार नवी यंत्रे घेऊन त्यांच्यावरही तोच साधा माल विणणारे आणि हप्ता का सुटत नाही म्हणून कपाळाला हात लावणारे आमच्या पाहण्यात आहेत.

आता जर्मनांकडे येऊ. लोकांचा समज असा की जर्मन फौज म्हणजे सगळी यंत्रावर. जून १९४१ मध्ये रशियावर चढाई केली तेव्हा त्यांच्याबरोबर सहा लाखांच्या घरात मोटारगाड्या होत्या, आणि तितकेच किंवा त्याहून जास्त घोडे. गाड्या कुठल्या? जर्मन, झेक, फ्रेंच, शहरातल्या दुकानदारांकडून ताब्यात घेतलेल्या, जिंकलेल्या देशांत सापडलेल्या. मिळून दोन हजारांच्या आसपास तऱ्हा! मधल्या सेनासमूहाला एकट्याला दहा लाखांहून अधिक प्रकारचे सुटे भाग सांभाळावे लागत होते.

ज्याने आयुष्यात एकदा तरी दुकानात माल ठेवला आहे त्याला हा आकडा वाचून घाम फुटेल. आम्ही साडीत दहा रंग जादा ठेवले तर वर्षअखेर सहा रंग अंगावर पडतात. तिथे हजार मैलांवर, बर्फात, फ्रेंच गाडीचा एक वॉशर नाही म्हणून चांगली गाडी उभी. आणि शेजारी झेक गाडी उभी, तिचा वॉशर आहे पण तो हिला बसत नाही.

हे संकट त्यांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. कर्नल फॉन शेल नावाच्या अधिकाऱ्याने लढाईपूर्वीच योजना आखली होती की शंभराच्या वर असलेले ट्रकांचे प्रकार १९ वर आणावेत. योजना कागदावर उत्तम. पण दुकान चालू असताना गोदाम रिकामे करून नव्याने लावता येत नाही. लढाई आली आणि जे मिळेल ते घ्यावे लागले. त्यांचा सर्वांत भरवशाचा तीनटनी ट्रक ओपेल ब्लिट्झ. ब्रांडेनबुर्गच्या एका कारखान्यावर त्याची मुख्य भिस्त. ऑगस्ट १९४४ मध्ये त्या कारखान्यावर बाँब पडले आणि उत्पादन बसले. स्पर्धक कंपनी डाइमलर-बेंझ तीच गाडी परवान्यावर काढत होती, पण तोपर्यंत वेळ निघून गेली होती. शेवटच्या वर्षात जर्मन गाड्यांनाही लाकडी आणि दाबलेल्या पुठ्ठ्याच्या केबिनी आल्या. दोन्ही बाजूंना शेवटी लाकूडच आले, पण एकीकडे दोन-चार तऱ्हांच्या जुन्या गाड्या होत्या आणि दुसरीकडे जत्रा.

फ्रान्समधल्या सित्रोएन कारखान्याची एक गोष्ट सांगतात. जर्मनांसाठी ट्रक करावे लागत होते, तेव्हा तिथल्या प्रमुखाने, बुलांजे यांनी, इंजिनातले तेल मोजण्याच्या पट्टीवरची खूण खाली सरकवायला लावली. चालक पट्टी काढून पाही, तेल पुरेसे दिसे, आणि दूरच्या रस्त्यावर इंजिन जळून जाई. गोष्ट किती खरी आणि किती रंगवलेली हे इतिहासकारांनी पाहावे. आम्हांला ती पटते, कारण कारागिराच्या मनाविरुद्ध यंत्र चांगले निघत नाही.

नवे म्हणजे निर्धोक असे समजणाऱ्यांसाठी ब्रिटिशांचे उदाहरण आहे. सप्टेंबर १९४४, मित्रफौजा फ्रान्स ओलांडून बेल्जियमकडे धावत होत्या आणि प्रत्येक गाडीला सोन्याचे मोल होते. नेमक्या त्या वेळी १,४०० ब्रिटिश तीनटनी ऑस्टिन ट्रकांच्या पिस्टनमध्ये दोष निघाला. ठीक, इंजिन बदला. तर बदलीसाठी ठेवलेल्या इंजिनांतही तोच दोष! या गाड्या चालत्या असत्या तर रोज ८०० टन माल पुढे गेला असता, दोन डिव्हिजनांना पुरेल इतका. त्या जुन्या झाल्या होत्या म्हणून पडल्या नाहीत. नव्या घेताना कोणी नीट चालवून पाहिल्या नव्हत्या आणि सुटा माल एकाच सदोष घाण्यातला होता. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराला परदेशी बनावटीचे साचे विकताना व्यापाऱ्याने पुर्जे 'कधीही मिळतील' असे तोंडी सांगितले होते. पहिला पुर्जा पाच महिन्यांनी आला, आणि त्या पाच महिन्यांचे व्याज कोणाकडून वसूल करावे हे बिलावर लिहिलेले नव्हते.

अमेरिकनांची तऱ्हा वेगळी. त्यांच्याकडे गाड्यांची ददात नव्हती. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात त्यांनी फ्रान्समध्ये 'रेड बॉल' नावाची माल वाहतूक चालवली. गर्दीच्या दिवसांत सहा हजारांच्या जवळ ट्रक, चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश काळे सैनिक, रात्रंदिवस फेऱ्या. एका दिवसात १२ हजार टनांहून जास्त माल पोचवल्याचीही नोंद आहे. पण ठरल्याहून दुप्पट वजन भरले, तेल बदलायला गाडी थांबवली नाही, टायर फाटेपर्यंत पळवले. तीन महिन्यांत नवी गाडी म्हातारी झाली. जे काम व्हायचे होते ते झाले, हे मान्य. पण मागे कारखान्यांतून नव्या गाड्यांचा पूर वाहत होता म्हणूनच ते परवडले. ज्याच्या मागे असा पूर नाही त्याने तीन पाळ्यांत साचा रगडून सणाच्या मोसमाचा नफा मोजू नये. तो नफा साच्याच्या आयुष्यातून उचललेला असतो.

टायरचा आणि इंधनाचा हिशेब तर आणखी कडू. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया आणि डच पूर्वेकडील बेटे घेतली आणि जगातले बहुतेक रबर त्यांच्या हाती गेले. १९४४ च्या मे महिन्यापासून जर्मनीच्या कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर बाँब पडू लागले. मग धडधाकट गाड्याही पेट्रोलवाचून उभ्या. जर्मनीत लाखोंच्या संख्येने गाड्यांना लाकूड जाळून गॅस करणारी शेगडी जोडली. जोर बराच घटे, सुरू व्हायला वेळ लागे, पण चाक फिरे. आपल्याकडेही त्या काळात पेट्रोलवर रेशन आले आणि कोळशाच्या गॅसवर बसगाड्या धावल्या. मागे उभी टाकी, कंडक्टर हातपंखा फिरवतो आहे, असे वर्णन आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. तात्पर्य एवढेच काढतो की यंत्र जुने की नवे हा प्रश्न बऱ्याच वेळा दुय्यम असतो. वीज किती तास, सूत कोणत्या भावाने, पुर्जा कोणाकडे, हे आधी.

मुंबईचाही या कथेत वाटा आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, फोर्डचेही काम इथे होते. लढाईत बाहेरून सुट्या भागांच्या पेट्या येत, इथे गाड्या उभ्या राहत आणि फौजेकडे जात. लढाई संपल्यावर फौजेचा उरलेला माल लिलावात निघाला. ट्रक, ताडपत्री, कांबळी, तंबूचे कापड. किती तरी लोकांनी त्या लिलावातल्या एका गाडीवर मालवाहतुकीचा धंदा उभा केला, आणि त्या गाड्या सांभाळणारे मेस्त्री आपल्या मोहल्ल्यांतून तयार झाले. भिवंडी-मालेगावचे साचेही असेच. गिरण्यांनी टाकून दिलेले यंत्र आपल्या लोकांनी उचलले, सोलले, पुन्हा बसवले. टाकाऊला कामाला लावण्याचे हुनर आपल्यात वारशाने आहे. शेवटी त्या हुनरालाच जपायचे आहे. गेल्या दहा वर्षांत जुना फिटर निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्तीत गेला, असे एका गल्लीत चार ठिकाणी दिसेल. रशियन गाडी चालली कारण खेड्याखेड्यांत ट्रॅक्टरच्या कामावर शिकलेला मेस्त्री होता. तो नसता तर दीडवाली पहिल्याच हिवाळ्यात भंगार.

म्हणून आमचे म्हणणे व्यवहाराचे आहे. चोवीस साचे असतील तर ते तीन बनावटींचे असू नयेत. अदलाबदल करून एका बनावटीचे करावेत, शेजाऱ्याशी सौदा करून करता येते. चार मोडके साचे पुर्ज्यांसाठी कोपऱ्यात ठेवावेत, भंगारवाल्याच्या भावाला भुलू नये. गल्लीतल्या दहा मालकांनी मिळून एक फिटर आणि त्याच्या हाताखाली दोन मुले पगारावर ठेवावीत. नवा साचा घ्यायचा तर नव्याच मालासाठी घ्यावा, आणि विकणाऱ्याकडून पुर्ज्यांची मुदत कागदावर लिहून घ्यावी. जो साचा कारागिराचा हात घेतो तो मात्र आजच बंद करावा, मग तो कितीही माल काढत असो. मागच्या वर्षी आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या दोन भावांनी बारा साचे विकून कर्ज काढायचे ठरवले होते. त्यांनी सहा विकले, सहा ठेवले, आणि आलेल्या पैशांतून आधी पट्ट्यांच्या जाळ्या आणि वायरिंग करून घेतले. नव्या दोन साच्यांचे दरपत्रक अजून त्यांच्या गल्ल्यात आहे. पुर्ज्यांच्या मुदतीची ओळ त्यावर यायची आहे.